विनामूल्य ऑनलाइन चित्रप्रक्षेपण आणि जाहिरातीचे उत्पन्न : मराठी वेबमालिकांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

घरबसल्या करमणूक व्हावी आणि तिचे पैसे दुसऱ्याच कोणी द्यावेत, ही व्यवस्था मराठी प्रेक्षकाला नवी नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती दाखविण्यास प्रारंभ झाला. १९८४ साली ‘हम लोग’ ही मालिका प्रायोजकाच्या पाठबळावर आली. तेव्हापासून मालिका प्रेक्षकाने पाहावी आणि तिचा भार साबण, दंतमंजन व खाद्यपदार्थांच्या उत्पादकांनी उचलावा, हे सूत्र रूढ झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला आणि हेच सूत्र भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. यूट्यूब, वूट, एमएक्स प्लेअर, जिओसिनेमा या सेवांनी कमीअधिक काळ मराठी कार्यक्रम विनामूल्य दाखविले.

केवळ जाहिरातीच्या उत्पन्नावर असे विनामूल्य प्रक्षेपण स्वतःचा खर्च भागवू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा आहे. मात्र मराठीत कोणती कथा चित्रित होईल, ती कोणत्या बोलीत होईल आणि किती लांबीची होईल, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने तो वाङ्मयसमीक्षेचा आणि समाजशास्त्राचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रश्नाला एकच होकार किंवा नकार देता येत नाही. जाहिरात प्रक्षेपणाचा खर्च भागवू शकते. मराठीसारख्या मर्यादित प्रेक्षकसंख्येच्या भाषेत दीर्घ कथात्मक निर्मितीचा खर्च मात्र तिच्या एकटीच्या बळावर निघणे कठीण असते. जेथे तो निघाल्यासारखा दिसतो, तेथे दुसऱ्याच कोणीतरी तो सोसलेला असतो.

प्रक्षेपण आणि प्रवाह : खर्चातील मूलभूत भेद

दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर एका घरात पोहोचली काय किंवा लाख घरांत पोहोचली काय, प्रक्षेपणाचा खर्च तोच राहतो. प्रेक्षक वाढला की जाहिरातीचा दर वाढतो, खर्च वाढत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे होते.

ऑनलाइन प्रक्षेपणात प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतंत्र प्रवाह जातो. पाहणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली की सर्व्हरवरील आणि जाळ्यावरील भारही वाढतो. उत्पन्न मोजले जाते ते दर हजार जाहिरात-दर्शनांमागे. उत्पन्न आणि खर्च दोन्ही प्रेक्षकसंख्येबरोबर वाढत असल्याने ‘प्रेक्षक मिळाले की नफा आपोआप येईल’ हे दूरदर्शनच्या काळातील गृहीतक येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट ‘विनामूल्य’ या शब्दासंबंधीची. वडखळचा एखादा प्रेक्षक मोबाइलवर मालिका पाहतो तेव्हा तो मालिकेसाठी पैसे देत नसला तरी रिचार्जसाठी देतो. ती रक्कम दूरसंचार कंपनीकडे जाते. मालिकेच्या लेखकाला, नटाला किंवा तंत्रज्ञाला तीतून थेट काही मिळत नाही. प्रेक्षकाच्या खिशातून पैसे जातात, परंतु ज्याच्यासाठी तो पडद्यासमोर बसतो त्या कलाकृतीपर्यंत ते पोहोचत नाहीत. विनामूल्य प्रक्षेपणाच्या चर्चेत ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते.

यूट्यूबचा दाखला कितपत लागू पडतो?

जाहिरातीवर विनामूल्य प्रक्षेपण चालते याचा पुरावा म्हणून यूट्यूबकडे बोट दाखविले जाते. २००५ साली सुरू झालेली ही सेवा गूगलने २००६ साली १६५ कोटी डॉलरना विकत घेतली. २००७ पासून चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्यास सुरुवात झाली. २०२४ या वर्षात यूट्यूबचे जाहिरात-उत्पन्न ३,६०० कोटी डॉलरहून अधिक होते. आकडा दिपवून टाकणारा आहे. तथापि यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नाचा स्वतंत्र आकडा मूळ कंपनीने प्रथम फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केला आणि नफ्याचा स्वतंत्र आकडा ती आजही देत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. शिवाय मार्च २०१९ पासून भारतातही जाहिरात टाळण्यासाठी शुल्क भरण्याची सोय याच कंपनीने दिली आहे. जाहिरातीवर चालणारी सर्वांत मोठी सेवादेखील जाहिरात न दाखविण्याचे पैसे घेते, ही वस्तुस्थिती बोलकी आहे.

मुख्य मुद्दा मात्र वेगळाच आहे. यूट्यूब बहुतांश चित्रफितींच्या निर्मितीसाठी आगाऊ खर्च करीत नाही. कॅमेरा, प्रकाश, संकलन, श्रम आणि अपयशाची जोखीम ही सारी करणाऱ्याची. चित्रफीत चालली तर नेहमीच्या दीर्घ चित्रफितीवरील जाहिरात-उत्पन्नाचे ५५ टक्के त्याला मिळतात, न चालली तर नुकसान त्याचे एकट्याचे. हा वाटाही सर्वांना मिळत नाही. जानेवारी २०१८ पासून किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन ही अट घालण्यात आली. ती पूर्ण न करणाऱ्यांच्या चित्रफितींवरही जाहिरात दाखविण्याचा, आणि त्यातील वाटा न देण्याचा अधिकार कंपनीने नोव्हेंबर २०२० पासूनच्या अटींद्वारे स्वतःकडे घेतला.

मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता जेथे फुटतो, त्या वडखळ नाक्याचे उदाहरण घेता येईल. अशा नाक्यावरील जाहिरात-फलकाला भाडे मिळते ते येथून वाहने जातात म्हणून. फलकाचा मालक रस्ता बांधत नाही आणि वाहनेही चालवीत नाही. त्याचा हिशोब जमतो, याचे कारण हेच. उद्या कोणी म्हणेल की, फलकाच्या भाड्यातून महामार्ग बांधून काढू, तर तो हिशोब जमणार नाही. यूट्यूबचे यश फलकवाल्याचे यश आहे. स्वतः मालिका तयार करून ती विनामूल्य दाखविणारी सेवा फलकाच्या भाड्यातून रस्ता बांधू पाहते. दोन्हींना ‘जाहिरातीवर चालणारी’ असे एकच विशेषण लावल्याने गल्लत होते.

एमएक्स प्लेअर : मराठीतील प्रयोग

मराठीपुरते पाहिल्यास रस्ता बांधण्याचा ठळक प्रयत्न एमएक्स प्लेअरने केला. मुळात मोबाइलमध्ये साठविलेल्या चित्रफिती पाहण्याचे हे एक लोकप्रिय ॲप. २०१८ साली टाइम्स इंटरनेटने त्यावर ताबा मिळविला आणि फेब्रुवारी २०१९ पासून त्यावर विनामूल्य, जाहिरातयुक्त मालिका दिसू लागल्या. त्याच वर्षी टेन्सेन्ट या चिनी कंपनीच्या पुढाकाराने सुमारे ११ कोटी डॉलरचे भांडवल या सेवेत आले. या काळात तिने मराठीत ‘आणि काय हवं’ (२०१९), ‘पांडू’ (२०१९), ‘समांतर’ (२०२०) या मालिका दिल्या. मराठी दूरचित्रवाणीवरील रोजच्या मालिकांच्या तुलनेत या निर्मितीचा नेमकेपणा प्रेक्षकांना जाणवला आणि त्यांचे स्वागत झाले, हे मान्य करावयास हवे.

या तीन मालिकांचे रूप बारकाईने पाहिले म्हणजे त्यामागील अर्थव्यवस्था स्पष्ट होते. वरुण नार्वेकर दिग्दर्शित ‘आणि काय हवं’ ही जुई आणि साकेत या जोडप्याच्या संसारातील लहानलहान प्रसंगांची मालिका. प्रिया बापट आणि उमेश कामत या दोघांच्या संवादावर ती जवळजवळ संपूर्णपणे उभी आहे. पात्रे थोडी, स्थळे थोडी, भाग आटोपशीर. ही काटकसर तिला पथ्यावर पडली आहे आणि तीतील जिव्हाळा याच मर्यादेतून आला आहे. परंतु तिचे विश्व नव्या घराची आणि नव्या वस्तूंची स्वप्ने पाहणाऱ्या शहरी मध्यमवर्गाचे आहे, आणि जाहिरातदारांना हवा असलेला ग्राहकही तोच आहे.

‘समांतर’ सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवर आधारलेली आहे. कुमार महाजन या त्रस्त मनुष्याचे भविष्य सुदर्शन चक्रपाणी या दुसऱ्या माणसाने आधीच जगून घेतलेले आहे, ही तिची कल्पना. सतीश राजवाडे दिग्दर्शित पहिल्या पर्वाच्या नऊ भागांत रहस्य पुढच्या भागावर ढकलण्याचे तंत्र वापरलेले आहे. ही मालिका हिंदी, तमिळ व तेलुगूतही ध्वनिमुद्रित झाली, कारण रहस्य भाषांतरात फारसे सांडत नाही. याउलट सारंग साठ्ये आणि अनुषा नंदकुमार दिग्दर्शित ‘पांडू’मधील मुंबईच्या पोलीस शिपायांचा विनोद त्यांच्या बोलण्याच्या ढबीत आहे. मालिका म्हणून ती अधिक मराठी आहे आणि नेमक्या त्याच कारणाने अन्य भाषांच्या बाजारात तिला वाव कमी आहे.

आता हिशोब पाहू. या मालिकांचा प्रत्यक्ष खर्च येथे गृहीत धरलेला नाही. पुढील आकडे केवळ प्रमाण समजण्यासाठी घेतलेले आहेत. नऊ भागांच्या एखाद्या मालिकेला २ कोटी रुपये खर्च आला आणि दर हजार जाहिरात-दर्शनांमागे सेवेच्या हाती निव्वळ १०० रुपये पडले असे मानले, तर खर्च निघण्यास २० कोटी जाहिरात-दर्शने लागतील. प्रत्येक भागात चार जाहिराती धरल्यास संपूर्ण मालिका पाहणारा प्रेक्षक ३६ जाहिराती पाहील. म्हणजे सुमारे ५५ लाख प्रेक्षकांनी ती अथपासून इतिपर्यंत पाहिली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख होती. याचा अर्थ आबालवृद्ध धरून दर पंधरा मराठी भाषकांमागे एकाने मालिका पूर्ण पाहावयास हवी. दर ५० रुपयांवर आला तर दर सात-आठ जणांमागे एकाने. त्याच जनगणनेत ५२ कोटी ८० लाख भाषक असलेल्या हिंदीला त्याच खर्चाच्या मालिकेसाठी, १०० रुपयांच्या दराने, दर पंचाण्णवांमागे एक प्रेक्षक पुरतो. यात प्रवाहाचा खर्च, प्रसिद्धीचा खर्च आणि अर्ध्यावर सोडून देणारे प्रेक्षक धरलेले नाहीत. ‘समांतर’ चार भाषांत का आली, याचे उत्तर या प्रमाणात सापडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲमेझॉनने एमएक्स प्लेअर घेतल्याचे जाहीर केले आणि आपल्या मिनीटीव्ही या विनामूल्य सेवेशी त्याची सांगड घातली. सेवा आजही विनामूल्य आहे. परंतु तिचा मालक आता किराण्यापासून कपड्यांपर्यंत सर्व काही विकणारा व्यापारी आहे. त्याच्यासाठी जाहिरात हा दुकानाचाच विस्तार असतो. मालिका तोट्यात गेली तरी दुकान चालले म्हणजे पुरे. विनामूल्य प्रक्षेपण येथे टिकले, ते मालिकेच्या जाहिरातीतून मालिकेचा खर्च निघाला म्हणून नव्हे, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

सर्वांत मोठ्या आकर्षणाची कसोटी

मराठीचा प्रेक्षकच लहान म्हणून असे घडते, असा आक्षेप येऊ शकतो. त्यासाठी प्रेक्षकसंख्येची अडचण मुळीच नसलेले उदाहरण तपासले पाहिजे. जून २०२२ मधील लिलावात आयपीएलचे २०२३ ते २०२७ या काळातील भारतातील डिजिटल प्रक्षेपणाचे मुख्य हक्क वायाकॉम १८ या कंपनीने २०,५०० कोटी रुपयांना घेतले. एका सामन्यास सुमारे ५० कोटी रुपये पडले. २०२३ आणि २०२४ साली जिओसिनेमाने हे सामने मराठी समालोचनासह विनामूल्य दाखविले. वर घेतलेल्या १०० रुपयांच्याच दराने एका सामन्याचे हक्कमूल्य वसूल होण्यास ५०० कोटी जाहिरात-दर्शने हवीत. म्हणजे दहा कोटी प्रेक्षक आणि प्रत्येकाला पन्नास जाहिराती. क्रिकेटमध्ये षटकागणिक खंड असतो, म्हणून कागदावर हे अगदी अशक्य नाही. परंतु जवळपास प्रत्येक सामन्याला असा प्रेक्षक शेवटपर्यंत बसवून ठेवणे ही वेगळी गोष्ट.

व्यवहारात काय घडले ते सर्वज्ञात आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले आणि २०२५ च्या आयपीएलसाठी काही मिनिटांच्या विनामूल्य दर्शनानंतर वर्गणी अथवा तिचा समावेश असलेले रिचार्ज आवश्यक ठरले. मार्च २०१६ पासून जाहिरातीवर चालणाऱ्या, कलर्स मराठीचे कार्यक्रम दाखविणाऱ्या वूटने २०२० साली सशुल्क विभाग काढला होता. २०२३ साली ती सेवा जिओसिनेमात विलीन झाली. विनामूल्य दर्शन हा ग्राहक गोळा करण्याचा टप्पा होता, असे या क्रमावरून म्हणता येते. दुसऱ्या बाजूने शुल्क घेणाऱ्या सेवाही जाहिरातीकडे वळल्या. प्राइम व्हिडिओने भारतात जून २०२५ पासून वर्गणीदारांनाही जाहिराती दाखविण्यास सुरुवात केली. निव्वळ जाहिरात पुरत नाही आणि निव्वळ वर्गणीही पुरत नाही, असे दोन्ही टोकांकडून सिद्ध होत आहे.

जाहिरात जेथे पुरते : बोलीतील लहान चित्रफिती

याचा अर्थ मराठीत जाहिरातीवर काहीच चालत नाही असा नाही. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या आगरी बोलीला छापील साहित्यात आणि दूरचित्रवाणीवर फार थोडी जागा मिळाली. यूट्यूबवर ही कोंडी फुटली. आगरी-कोळी गीतांच्या चित्रफिती आणि विनायक माळी यांच्यासारख्यांचे आगरी बोलीतील विनोदी प्रसंग या बोलीच्या मुलखाबाहेरही पाहिले गेले. एखाद्या चित्रफितीला ३० हजार रुपये खर्च आला आणि करणाऱ्याच्या हाती दर हजार जाहिरात-दर्शनांमागे ५० रुपये पडले असे धरले, तर ६ लाख जाहिरात-दर्शने, म्हणजे दोन जाहिराती धरता ३ लाख वेळा चित्रफीत पाहिली जाणे पुरेसे होते. ही संख्या आवाक्यातील आहे. २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपाने आणि मधुराज रेसिपीसारख्या पाककृतींच्या वाहिन्यांनी याच माध्यमातून स्वतःचा मराठी प्रेक्षक उभा केला.

परंतु या यशाची किंमत रूपाला मोजावी लागते. यूट्यूबवर चित्रफितीच्या मध्ये जाहिरात घालण्यासाठी पूर्वी दहा मिनिटांहून अधिक लांबी आवश्यक होती. जुलै २०२० पासून ही मर्यादा आठ मिनिटांची झाली. कथेला सहा मिनिटे पुरत असली तरी ती आठपर्यंत ओढण्याचा मोह त्यामुळे निर्माण होतो. प्रायोजकाची वस्तू प्रसंगातच गुंफली तर संवाद तिच्याभोवती फिरू लागतो. दर आठवड्याला नवे काही देण्याचा दबाव असल्याने एकदा गाजलेले पात्र पुनःपुन्हा येते आणि हळूहळू साचा बनते. बोली जिवंत राहते, परंतु विनोदाच्या आणि गाण्याच्या चौकटीत. खारभूमीची शेती, शेतजमिनींवर आलेले कारखाने, त्यांतून बदललेली गावे यांवरील दीर्घ आगरी कथा या अर्थव्यवस्थेत बसत नाही, कारण तिला वेळ आणि पैसा दोन्ही आगाऊ लागतात.

शिवाय जाहिरातीच्या लिलावात बोलीला स्वतंत्र मोल नाही. तेथे मोल आहे ते पाहणाऱ्याच्या खरेदीशक्तीला. तीच आगरी चित्रफीत परदेशातील मराठी कुटुंबाने पाहिली तर सामान्यतः अधिक उत्पन्न देते आणि ज्या गावची ती बोली आहे त्या गावाने पाहिली तर कमी. ज्याची भाषा, त्याच्या पाहण्याची किंमत सर्वांत कमी, अशी ही विचित्र स्थिती आहे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखानदारांसारखे स्थानिक उत्पादक या चित्रफितींचे स्वाभाविक जाहिरातदार ठरू शकले असते. पूर्वी केबलच्या स्थानिक वाहिन्यांवर अशा दुकानदारांच्या जाहिराती दिसतही. आता गावचा जाहिरातदार आणि गावची चित्रफीत यांच्यामध्ये लिलावाची परकी यंत्रणा उभी आहे.

पर्यायांचा विचार

वर्गणी हा सरळ पर्याय वाटतो. २०२१ साली केवळ मराठीसाठी म्हणून प्लॅनेट मराठी ही सशुल्क सेवा सुरू झाली, ती याच विश्वासावर. वर्गणीदार आणि कलाकृती यांचा थेट संबंध जुळतो, हा तिचा गुण. परंतु प्रेक्षकसंख्येचे बंधन तिलाही सुटत नाही आणि ज्याला वर्गणी परवडत नाही असा प्रेक्षक बाहेर राहतो. सार्वजनिक निधी हा दुसरा पर्याय. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ ही सेवा सुरू केली आणि तीवर बरेच साहित्य विनामूल्य ठेवले. तेथे जाहिरात पुरली नाही तरी सेवा बंद पडेलच असे नाही; मात्र सरकारी माध्यमांच्या परिचित मर्यादा तेथेही आहेत. अमेरिकेत प्लुटो आणि टुबी या विनामूल्य सेवांचा पाया प्रामुख्याने जुन्या चित्रपटांचा व मालिकांचा आहे. ज्याचा निर्मितीखर्च पूर्वीच वसूल झाला, ते जाहिरातीवर दाखविणे सोपे असते. मराठी चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणीच्या जुन्या संचिताला हा मार्ग उपयुक्त ठरेल, नव्या निर्मितीला तो पुरणार नाही.

समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, विनामूल्य प्रक्षेपण जाहिरातीवर चालते हे विधान निर्मितीचा भार न उचलणाऱ्या सेवेपुरतेच खरे आहे. दुसरी, मराठीतील दीर्घ वेबमालिका विनामूल्य दिसल्या त्या जाहिरातीच्या प्रत्यक्ष उत्पन्नापेक्षा भावी उत्पन्नाच्या आशेने गुंतविलेल्या भांडवलामुळे. ते भांडवल वळले की मालिकाही वळतात. तिसरी, जाहिरात ज्या मराठी निर्मितीला खरोखर पोसते, ती अल्पखर्ची, लहान आणि वारंवार येणारी असते. तिच्यामुळे आगरीसारख्या बोलीला आवाज मिळाला, परंतु त्या आवाजाचा पल्ला आखूड राहिला.

चौथी गोष्ट अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे. छापलेले पुस्तक प्रकाशन संस्था बंद पडली तरी ग्रंथालयात राहते. वेबमालिका मात्र सेवेच्या मालकाला ठेवावीशी वाटेल तोवरच उपलब्ध असते, आणि वूट व जिओसिनेमा यांच्या विलीनीकरणांवरून मालक किती लवकर बदलतो हे दिसते. मराठी विभागांनी या मालिकांचा आणि बोलीतील चित्रफितींचा समावेश अभ्यासात करताना त्यांच्या जतनाची व्यवस्था कोण करणार, हा प्रश्नही विचारात घेतला पाहिजे. जतनातून जाहिरातीचे उत्पन्न मिळत नाही. म्हणूनच ते काम सेवांवर सोडून चालणार नाही.